जबाब फिरवायचा न्हाय

मनाच्या जखमेचं अचूक मोजमाप करणं हे मानवी बुद्धीपुढचं सर्वांत मोठं आव्हान आहे, असं मानसोपचार विभागाचे प्रमुख म्हणाले, तेव्हा त्यांच्या हातात पेटती मेणबत्ती होती आणि वरच्या पंख्यामुळे समईची एकही वात पेट घेत नव्हती. शेवटी शिपायाने पंखा बंद केला. एप्रिलातल्या सोलापुरात पंखा बंद करणं हा ज्ञानासाठी केलेला मोठाच त्याग म्हणायचा. वाती पेटल्या, टाळ्या झाल्या, आणि ज्यांच्या मनाचं मोजमाप व्हायचं होतं ते आम्ही रुमालाने मान पुसत बसून राहिलो.

आम्ही म्हणजे एका उलटलेल्या बसमधले प्रवासी. बस वैरागहून सोलापूरला येत होती. वैराग हे माझ्या पत्नीचं माहेर. तिच्या वहिनीने निघताना शेंगाचटणीचा डबा दिला होता आणि त्याचं झाकण नीट बसत नव्हतं. रस्ताभर ते कुरकुरत होतं. पत्नीने डबा मांडीवर घेतला, झाकण काढलं, पुन्हा दाबून बसवू म्हणाली, आणि तेवढ्यात समोर उसाची ट्रॉली आली. चालकाने ट्रॉलीला वाचवलं. आमची बस मात्र डाव्या कुशीवर झोपली.

पुढचं मला तुकड्या-तुकड्यांत आठवतं. धूळ. डिझेल, तिखट आणि भाजलेले दाणे यांचा मिळून झालेला एक वास. माझ्या छातीवर एक अख्खा बाक. पत्नीच्या डोळ्यांत चटणी गेली होती, त्यामुळे तिला डोळे उघडता येत नव्हते. ती हाक मारत होती, "अहो." आमच्या पिढीतल्या बायका नवऱ्याचं नाव घेतात ते उखाण्यात, आणि उलटलेल्या बसमध्ये उखाणा सुचत नाही. त्यामुळे बसच्या पुढून, मागून, खालून बायका "अहो, अहो" म्हणत होत्या आणि कुणाची हाक कुणाला हे कुणालाच कळत नव्हतं. मला माझी हाक ओळखू आली. मी तोंड उघडलं. बाकामुळे छातीत हवाच नव्हती. आवाज आला नाही. मागून एक जाडाभरडा पुरुषी आवाज आला, "हाय, हितंच हाय." तो वैरागच्या एका आडत व्यापाऱ्याचा होता. त्याच्या बायकोचा हात मोडला होता आणि तो तिला धीर देत होता. आमच्या पुढच्या बाकावरचे गृहस्थ मात्र पुन्हा कुणालाच ओ द्यायला राहिले नाहीत.

माझ्या दोन फासळ्या आणि तिचे डोळे, दोन्ही बरे झाले. वाचलेल्या प्रवाशांचा एक व्हॉट्सॲप ग्रुप निघाला. आडत व्यापारी त्याचे ॲडमिन. नाव, 'पुनर्जन्म परिवार'. रोज सकाळी तिथे गुलाबाचं फूल यायचं आणि जीवन क्षणभंगुर असल्याचं कळवायचं. मी ग्रुप मूक करून ठेवला होता.

विभागातल्या एका तरुण डॉक्टरबाईंनी आम्हाला या ग्रुपवरूनच गाठलं. त्यांचा पदव्युत्तर प्रबंध होता. मोठ्या आघातानंतर माणसाच्या मनात जी भीती घर करून बसते, ती मोजण्याची एक इंग्रजी प्रश्नावली आहे. ती मराठीत आणून आपल्या लोकांवर चालते का, हे त्यांना तपासायचं होतं. डोळ्यांखाली काळी वर्तुळं, गळ्यात स्टेथोस्कोप आणि विभागप्रमुखांचं नाव निघताच दाराकडे जाणारी नजर, अशी ती मुलगी मला आवडली. आम्हाला ती काका-काकू म्हणायची.

मी निवृत्त ग्रंथपाल, त्यामुळे 'सर पुस्तकवाले आहेत' म्हणून मराठी तर्जुमा माझ्याकडे तपासायला आला. पहिलाच प्रश्न होता: 'सदर आघातजन्य घटनेच्या अनाहूत पुनःस्मरणाने आपण व्यथित होता काय?' मी त्याचं केलं: 'ती घटना नको असताना पुन्हा पुन्हा आठवते का?' प्रमुखांना त्यात वजन वाटेना. मग जुना मसुदा नमुन्यादाखल आडत व्यापाऱ्यांना वाचून दाखवला. ते लक्ष देऊन ऐकत होते. ऐकून झाल्यावर त्यांनी विचारलं, हे पुनःस्मरण कुठल्या योजनेतून मिळतं आणि त्याला रेशनकार्ड लागतं का. त्यानंतर माझं वाक्य कायम झालं.

प्रश्नावलीची दोन गोष्टींवर परीक्षा घ्यायची होती. डॉक्टरबाईंनी ती आम्हाला समजावून सांगितली. विश्वसनीयता म्हणजे आज विचारलं आणि पंधरा दिवसांनी पुन्हा तेच विचारलं तर उत्तर साधारण तेच यायला हवं. वैधता म्हणजे जे मोजतोय असं म्हणतो, तेच खरोखर मोजलं जातंय ना. व्यापारी म्हणाले की त्यांना हे नीट कळलं. त्यांच्या बाजारात एक काटा वर्षानुवर्षं विश्वसनीय होता, रोज न चुकता तेवढंच वजन मारायचा. डॉक्टरबाई हसल्या आणि त्यांनी ते लिहून घेतलं. प्रमुख हसले नाहीत.

पहिल्यांदा सगळ्यांना एकाच हॉलमध्ये बसवलं. प्रत्येक प्रश्नापुढे पाच चौकटी, 'अजिबात नाही'पासून 'अत्यंत'पर्यंत. मधल्या तीन चौकटींचं काय करायचं ते लोकांना सुचेना. एका म्हाताऱ्याने विचारलं, "बाई, लई हाय का न्हाय एवढंच लिवलं तर चालंल की?" शेजारी काय खूण करतोय हे सगळेच शाळेतल्यासारखे वाकून पाहत होते. माझी पत्नी माझ्या शेजारी होती. तिने प्रश्न वाचण्याआधीच खुणा करायला सुरुवात केली. अजिबात नाही. अजिबात नाही. अजिबात नाही. ज्यांचे गुण जास्त येतील त्यांना उपचारासाठी बोलावू, बाकीच्यांचे आभार, असं डॉक्टरबाईंनी आधीच सांगितलं होतं. पत्नीने तिथेच आभार स्वीकारले.

बाहेर आल्यावर मी विचारलं. ती म्हणाली, "भाचीचं जमतंय वैरागात. आत्याला डोक्याच्या डॉक्टरकडं नेलंय म्हणून कळलं, तर कोण देईल होकार?"

मी स्वतःही सगळीकडे 'थोडेसे' लिहिलं होतं. संशयी माणसाला ते मधलं घर बरं पडतं.

घरी काय चाललं होतं ते मला माहीत होतं. अपघातापासून ती स्वयंपाकघरातून हाक मारायची, "अहो." काम काहीच नसायचं. मी "ओ" म्हटलं की भांड्यांचा आवाज पुन्हा सुरू व्हायचा. ओ द्यायला उशीर झाला की सगळं थांबायचं. नळ, चमचा, बांगड्या, सगळं. मी धावत जायचो तेव्हा ती ओट्याची कड धरून, डोळे घट्ट मिटून उभी असायची. गॅसवर फोडणी जळत असायची. मी खांद्याला हात लावला की दचकायची, मग डोळे उघडायची आणि फोडणी जळल्याबद्दल मलाच बोलायची.

मग मी हाक मारायची वेळच तिच्यावर येऊ नये हे पाहू लागलो. आंघोळ करताना खाकरत राहायचो. वाचताना पानं जोरात उलटायचो. गॅलरीत गेलो तर कठड्यावर बोटं वाजवायचो. आयुष्यभर लोकांना 'शांतता राखा' सांगितलं आणि निवृत्तीनंतर घरात सतत आवाज करत राहण्याची नोकरी लागली. दुपारी वीज गेली की पंखे, फ्रीज, शेजारचा टीव्ही, सगळं एकदम बंद पडतं. ती शांतता मला नकोशी झाली. त्या शांततेत तिची हाक यायची, आणि ओ देण्याआधीच्या एका क्षणात माझ्या छातीवर तो बाक असायचा. तोंड उघडायचं आणि वाटायचं, आवाज येणारच नाही. दरवेळी आला. पण दरवेळी वाटायचं. शिवाय एक हिशेब मला टाळता येत नव्हता. वय माझं जास्त आहे. एक दिवस ती हाक मारील आणि मी खरंच ओ देणार नाही, आणि तेव्हा ओट्याची कड धरलेल्या तिच्या खांद्याला हात लावायलाही कुणी नसेल.

चटणीचं मला उशिरा लक्षात आलं. 'त्या घटनेची आठवण करून देणाऱ्या गोष्टी तुम्ही टाळता का?' या प्रश्नापुढे तिने 'अजिबात नाही' लिहिलं होतं, आणि आमच्या घरात अपघातापासून शेंगाचटणी नव्हती. सोलापुरात ज्या घरात चटणी नाही त्या घराची चौकशी होते. तिने गल्लीत सांगून ठेवलं होतं की ह्यांना पित्त झालंय. माझं पित्त आमच्या गल्लीत इतकं प्रसिद्ध झालं की किराणावाला मला कोकम सुचवू लागला. शेजारीण दाणे कुटायला बसली की पत्नी उन्हाच्या भर दुपारीही खिडक्या लावून घ्यायची. घर भट्टी व्हायचं. आम्ही दोघं त्यात घाम पुसत बसायचो आणि खिडकीबद्दल एक शब्द बोलायचो नाही.

दुसऱ्या चाचणीचे दिवस जवळ आले तसा 'पुनर्जन्म परिवार' जागा झाला. फूल नेहमीच्याच वेळी आलं, पण त्यामागून व्यापाऱ्यांचा आवाजी निरोप आला. मी तो पत्नीपुढे लावायला नको होता, पण तिच्याही फोनवर तो आलेलाच होता. "मंडळी, पोलिसांनी जबाब घेतला तवा एकानं फिरवला, त्याला चारदा बोलावलं, ध्यानात हाय न्हवं? आता ही तपासणी बी तसलीच हाय. मागल्या येळंला काय लिवलं ते आटवा आन् तेच लिवा. जबाब फिरवायचा न्हाय." खाली सगळ्यांचे अंगठे. काहींनी पहिल्या वेळी काय लिहिलं ते आठवत नाही म्हणून शेजाऱ्यांना विचारलं, आणि शेजाऱ्यांनी सांगितलंही, कारण त्यांनी वाकून पाहिलं होतं.

माझ्या पत्नीला आठवायचं काही नव्हतं. तिचं सगळं एकसारखंच होतं. मला कळत होतं की ही एकच संधी आहे. या वेळीही तिने 'अजिबात नाही' लिहिलं तर विज्ञान तिला कायमचं निरोगी ठरवील आणि त्याला दोनदा तपासल्याचा दाखला असेल. मी तिला एवढंच म्हटलं की खरं ते लिही. ती म्हणाली, "जबाब फिरवू?" हे ती चेष्टेने म्हणाली की भीतीने, ते मला कळलं नाही.

दुसऱ्या वेळी वाकून पाहणं टाळायचं म्हणून डॉक्टरबाईंनी सुधारणा केली होती. पुरुषांचे फॉर्म आधी उरकले; मग बायका एकेका खोलीत, एकट्या. सोबत आलेल्यांनी कॉरिडॉरच्या पार टोकाच्या बाकावर बसायचं, म्हणजे उत्तरांवर कुणाचा दबाव नको. वैधतेच्या दृष्टीने हे अगदी योग्य होतं. मी टोकाला जाऊन बसलो. व्यापाऱ्यांचे गुडघे दुखत होते, म्हणून ते अलीकडच्याच बाकावर टेकले. त्यांची बायको माझ्या पत्नीच्या शेजारच्या खोलीत होती.

किती वेळ गेला ते माहीत नाही. कॉरिडॉरमधून स्ट्रेचर जात होतं, त्याचं एक चाक वाजत होतं. मी पानं उलटत नव्हतो, खाकरत नव्हतो. बाकावर गप्प बसलो होतो. तिने आतून हाक मारली असणार. मला ऐकू आली नाही. व्यापाऱ्यांना आली. दाराआडून "अहो" असं ऐकल्यावर आपलीच बायको बोलावते असं त्यांना वाटलं, आणि ते बसल्या जागेवरून आपल्या जाड्याभरड्या आवाजात म्हणाले, "हाय, हितंच हाय."

ते मात्र मला ऐकू आलं. तेच शब्द, तोच आवाज, तोच सूर. मी उठून तिच्या खोलीकडे धावलो.

खोलीत खुर्ची आडवी झाली होती. ती टेबल आणि भिंत यांच्यामधल्या फटीत बसली होती, गुडघे पोटाशी, दोन्ही तळहात डोळ्यांवर. श्वास घेत होती, पण आत काही जात नव्हतं. डॉक्टरबाई तिच्यासमोर फरशीवर बसल्या होत्या आणि हळू आवाजात काहीतरी सांगत होत्या. मी दारात उभा राहिलो आणि तोंड उघडलं. त्या एका क्षणी खरंच आवाज आला नाही. मग आला. मी म्हटलं, "ओ. मी आहे. मीच आहे."

तिने हात काढायला वेळ घेतला. डोळे उघडून आधी माझ्या पायांकडे पाहिलं, मग वर.

नंतर, पाणी प्यायल्यावर, तिने डॉक्टरबाईंना सांगितलं. माझ्याकडे न पाहता. "त्या दिवशी मी हाक मारली, तर दुसऱ्याच कुणी ओ दिली. हे असते तर ह्यांनी दिली असती. म्हणून मी समजले, हे गेले. डोळे उघडून बघायची छाती झाली नाही. उघडता येत नव्हते हे खरं, पण मी उघडलेही नसते."

इतके दिवस मी समजत होतो की तिला बस उलटण्याची भीती बसली आहे. तिच्या लेखी त्या उलटलेल्या बसमध्ये मी मेलो होतो, आणि त्यानंतर दर "अहो"ला ती तपासून पाहत होती.

तिने नवा फॉर्म मागितला. आधीच्या फॉर्मवर सगळीकडे 'अजिबात नाही' करून झालं होतं. शेवटचा प्रश्न तेवढा राहिला होता. नव्या फॉर्मवर तिने चष्मा लावून प्रत्येक प्रश्न दोनदा वाचला. बऱ्याच ठिकाणी 'अत्यंत' लिहिलं. चटणीच्या प्रश्नापाशी थांबून तिने विचारलं की खिडकी लावून घेणं यात धरायचं का. डॉक्टरबाई म्हणाल्या, धरायचं, काकू.

उपचार त्याच आठवड्यात सुरू झाले. गोळ्या, बोलणं, आणि घरी करायचा एक सराव. तो साधा होता: तिने हाक मारायची आणि मी लगेच ओ द्यायची नाही. आधी थोडं थांबायचं, मग जरा जास्त. कागदावर हे वाचायला सोपं वाटतं. मी बाहेरच्या खोलीत ओठ मिटून बसायचो. आतून हाक यायची. मग काहीच नाही. फक्त तिचा श्वास, आणि तो थांबला की तेही नाही. त्या गप्प बसण्यात मला दरवेळी वाटायचं की मी ते पुढचंच करून दाखवतोय, जे एक दिवस होणार आहे. सुरुवातीला मी वेळेआधीच ओ देऊन टाकायचो. डॉक्टरबाईंनी मला समज दिली. सराव मोडणारा पेशंट कोण आहे हे मला तेव्हा कळलं, पण माझे गुण कमी होते.

व्हॉट्सॲपवरच्या त्या निरोपाचं मी डॉक्टरबाईंना सांगितलं. त्यांनी प्रबंधाच्या 'मर्यादा' या प्रकरणात एक वाक्य घातलं, की प्रतिसादक एकमेकांच्या संपर्कात होते. याहून जास्त प्रमुखांनी घालू दिलं नाही. दोन्ही वेळची उत्तरं इतकी तंतोतंत जुळली होती की संख्याशास्त्राच्या सरांनी चष्मा पुसून आकडा पुन्हा पाहिला. माझ्या पत्नीचे तेवढे फॉर्म जुळत नव्हते. तिला आकडेमोडीतून वगळलं; नोंदीत कारण लिहिलं, 'प्रतिसाद अविश्वसनीय'. डॉक्टरबाई हे सांगायला आमच्या घरी आल्या आणि सांगता सांगता रडवेल्या झाल्या. पत्नीने त्यांना पन्हं दिलं. भाचीचं लग्न ठरलं होतं, वैरागला जायचं होतं, कसं जायचं ते ठरत नव्हतं. ती त्या काळजीत होती.

काम पूर्ण झाल्याचा समारंभ त्याच सभागृहात झाला. या वेळी समई पंखा बंद करूनच आणली. प्रश्नावलीची विश्वसनीयता निर्विवाद सिद्ध झाली असून मराठी मनाची वेदना आता शास्त्राच्या कवेत आली आहे, असं प्रमुख म्हणाले. प्रतिसादकांच्या वतीने आडत व्यापाऱ्यांना चादर आणि श्रीफळ देण्यात आलं. ते दोन शब्द बोलले आणि म्हणाले की आमच्यापैकी कुणीही जबाब फिरवला नाही. टाळ्या झाल्या. त्यांचा आवाज माइकवर आणखी जाड लागत होता. पत्नीने माझ्या मनगटाला धरलं होतं आणि भाषण संपेपर्यंत सोडलं नाही. नखं रुतली होती.

मग खाण्याच्या बश्या आल्या. कडक भाकरी, दही आणि कडेला शेंगाचटणी. मी तिची बशी आपल्याकडे घ्यायला हात पुढे केला. तिने बशी हलवू दिली नाही. बराच वेळ ती त्या लाल ढिगाकडे पाहत होती. मग बोटाच्या टोकावर थोडी घेतली, डोळे मिटले आणि जिभेवर ठेवली.

"अहो," ती म्हणाली. डोळे मिटलेलेच होते.

मी तिच्या शेजारीच होतो. सरावाप्रमाणे थांबलो. पंखा अजून बंद होता. माझ्या छातीवर तो बाक आला, बसला.

"ओ," मी म्हटलं.

"मीठ जास्त आहे."

मी चाखून पाहिली. जास्तच होतं.